घर लेस्टरला, फॉर्म अशोक चौकात

अण्णांचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. मी विमा एजंट, त्यांच्या फायर पॉलिसीचं, म्हणजे आगीच्या विम्याचं, काम बरीच वर्षं माझ्याकडं. डिसेंबरच्या सुरुवातीला ते मुलीला आणि जावयाला घेऊन अशोक चौकातल्या माझ्या ऑफिसात आले, तेव्हा मला वाटलं नवा लूम घेतला असेल, त्याची भर घालायची असेल. पण मुलीनं लॅपटॉप उघडून माझ्यापुढं सरकवला. "काका, हा फॉर्म भरायचाय. तिकडच्या घराच्या विम्याचा."

मुलगी इंग्लंडात लेस्टरला नर्स आहे, जावई सॉफ्टवेअरमध्ये. कर्ज काढून त्यांनी तिथं घर घेतलंय. लाल विटांचं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती लागून असलेलं, शंभर वर्षांहून जुनं. आईवर बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात उपचार सुरू झाले तशी मुलगी बिनपगारी रजा टाकून नोव्हेंबरच्या शेवटी इकडं आली, जावई इथूनच काम करतो. परत जायचं ते मार्चअखेर. घराची पॉलिसी मात्र २० डिसेंबरला संपत होती. सामानाचा विमा काढायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतं, पण कर्ज असेपर्यंत इमारतीचा विमा चालू ठेवायचा ही तिकडच्या बँकेचीच अट असते. त्यामुळं सोडून देण्याचा प्रश्न नव्हता.

मी आधी सांगून टाकलं. तिकडची पॉलिसी तिकडची कंपनी देणार, मला ती विकता येत नाही, त्यात माझा रुपयाही नाही. पैसेही अण्णांनी इथून पाठवायची गरज नाही. घर दोघांच्या नावावर, तर पॉलिसी दोघांच्या नावावर आणि हप्ता त्यांच्या तिकडच्या खात्यातून. मी वाचून देतो, कुठं काय विचारलंय ते समजावतो. अण्णा म्हणाले, "तेवढंच पायजे की. आमाला इंग्रजी वाचता येतंय, विमा वाचता येत नाही."

फॉर्म जावयानं निम्मा भरून ठेवला होता आणि खाली २१९ पौंडांचा आकडा दिसत होता. आधीचा हप्ता २६८ होता, म्हणून तो खुशीत. मी वरपासून एकेक उत्तर बघत आलो आणि एका ओळीवर थांबलो. घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहणार आहे का? उत्तर होतं, नाही.

"सगळं सामान तिथंच आहे काका," जावई म्हणाला. "सोफा, फ्रिज, कपडे. मग रिकामं कसं?"

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, त्याला खरंच तसं वाटत होतं. कंपनी सामान मोजत नाही, रात्री तिथं कोण झोपतं ते विचारते. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांच्या पॉलिसीत ही ३० दिवसांची रेघ असते, काहींत ६० ची. रेघ ओलांडली की चोरी, तोडफोड आणि पाण्यानं होणारं नुकसान यांचं संरक्षण बंद होतं किंवा कडक अटींवर चालू राहतं. आपल्याकडच्या जुन्या फायर पॉलिसीतही ३० दिवस बंद राहिलेल्या इमारतीची अट होती, एजंट लोकांना ती आठवत असेल.

अण्णांचं लक्ष दुसरीकडंच होतं. "आग लागली तर मिळतंय का तेवढं बघा." सोलापूरच्या माणसाला आधी आगच आठवणार. २०२५ च्या मे महिन्यात याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. त्यानंतर कुणी विम्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो चुकीचा नाही. पण इंग्लंडातल्या बंद घराला हिवाळ्यात खरी भीती पाण्याची. घर गरम करणारा बॉयलर बंद, बाहेर शून्याच्या खाली, आणि माळ्यावरून, भिंतीतून गेलेल्या पाइपात पाणी तसंच भरलेलं. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, त्यानं पाइप किंवा सांधा तडकतो. बर्फ आहे तोवर काहीच कळत नाही. थंडी ओसरून बर्फ वितळला की मेन लाइनच्या दाबानं पाणी सुरू होतं आणि कुणी दार उघडेपर्यंत थांबत नाही. वरचा मजला लाकडी फळ्यांचा, खालचं छत प्लॅस्टरचं. ते छत भिजून खाली येतं, त्याखालचं सगळं सामान जातं आणि भिंती वाळायला महिने लागतात.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. रात्री उठून भरालोत. आणि तिथं कोण नसताना घरभर वाहतंय म्हणा की." उजनी धरण भरलेलं असताना घागरी मांडून बसणाऱ्या गावात हे पटवणं सोपं नाही, पण त्यांना पटलं.

तरी जावयाला आकडा सोडवत नव्हता. 'हो' म्हटलं तर हप्ता वाढणार, कदाचित कंपनी नकोच म्हणणार. आणि तीन-चार महिन्यांत काय होतंय? कोण बघायला येणार आहे? हे मी अशोक चौकातही रोज ऐकतो, त्यामुळं इथं मी हट्टाला पेटलो. तिकडं २०१२ चा ग्राहकांच्या विम्याचा कायदा आहे, एप्रिल २०१३ पासून लागू झालेला. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नीट काळजी घेऊन द्यायचं, ही ग्राहकाची जबाबदारी. निष्काळजीपणानं चुकीचं उत्तर दिलं आणि खऱ्या उत्तरावर कंपनीनं ४०० पौंड घेतले असते तिथं तुम्ही २०० भरले असतील, तर क्लेमही निम्माच मिळतो. आणि जाणूनबुजून खोटं लिहिलेलं ठरलं तर पॉलिसीच रद्द, क्लेम शून्य, भरलेला हप्ताही सहसा परत नाही. बघायला कुणी आज येत नाही हे खरं. नुकसान मोजणारा सर्वेअर येतो तो नुकसान झाल्यावर, आणि तेव्हा तो वीज-गॅसची बिलं आणि विमानाची तिकिटं मागतो.

अण्णांना यातलं गणित लगेच कळलं. एमआयडीसीतल्या एका गोदामाचा क्लेम त्यांना माहीत होता. माल साठ लाखांचा, विमा तीस लाखांचा, जळाला वीस लाखांचा. सर्वेअरनं अ‍ॅव्हरेज लावला, म्हणजे विमा जितका कमी तितका क्लेम कापला, आणि हातात दहा आले. त्यांनीच जावयाकडं वळून सांगितलं, "खरं लिव्ह. जास्त गेले तर मी देतो."

मग बाकीचा फॉर्म झरझर झाला. इमारतीच्या रकमेत त्यांनी घराची खरेदी किंमत टाकली होती, २ लाख ३५ हजार पौंड. त्यात जमीन आली, आणि जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा काढायचा तो घर पाडून, राडारोडा उचलून, पुन्हा बांधायच्या खर्चाचा. कर्जाच्या वेळच्या मूल्यांकन अहवालात तो आकडा सहसा दिलेला असतो. यांच्याही अहवालात निघाला, १ लाख ८० हजार. अहवाल काही वर्षांचा जुना, मधल्या काळात बांधकाम महागलेलं, म्हणून तिकडच्या बांधकाम-खर्चाच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा काढून रक्कम वाढवायला सांगितली. पुराच्या प्रश्नाला नदीपासूनचं अंतर नकाशावर मोजून लिहिलं. दाराच्या कुलपाचा प्रश्न होता, पाच लिव्हरचं, ब्रिटिश मानकाचा शिक्का असलेलं आहे का? मुलीनं शेजारणीला मेसेज टाकून कुलपाच्या पट्टीचा फोटो मागवला. जमीन खचण्याच्या प्रश्नावर मात्र मला काहीच समजवावं लागलं नाही. इंग्लंडात चिकणमातीच्या जमिनीवरची घरं कोरड्या उन्हाळ्यात खचतात, झाडांची मुळं ओल ओढून घेतात, असं मी म्हणालो तर अण्णा म्हणाले, "म्हणजे आपली काळी जमीनच की. उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगते." त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला अशीच तिरकी चीर आहे. त्यांनी मुलीला विचारलं, तुझ्या भिंतीला तसली चीर आहे का, नीट आठव. नव्हती.

सामानाच्या यादीत मात्र आम्ही अडकलो. एकूण ४० हजार पौंड टाकले होते. फर्निचर, टीव्ही, लॅपटॉप, कपडे, बरोबर वाटत होतं. मी सहज विचारलं, "सोनं?" मुलगी गप्प. लग्नातले तोडे, पाटल्या, मोहनमाळ, सासूबाईंनी दिलेल्या बांगड्या. पंधरा तोळ्यांच्या आसपास, आणि सगळं बेडरूमच्या कपाटात. २०१८ साली लग्न झालं तेव्हा तोळा तीस-एकतीस हजारांत होता, या डिसेंबरात सव्वा लाखाच्या आसपास गेला होता. म्हणजे पंधरा-सोळा हजार पौंडांचा ऐवज, आणि पॉलिसीत एका वस्तूला १,५०० पौंडांची मर्यादा. त्यावरची प्रत्येक वस्तू वेगळी नोंदवावी लागते, सराफाच्या मूल्यांकनासकट. दिवाळीच्या दिवसांत आशियाई कुटुंबांनी घरात सोनं ठेवू नये असं तिकडचे पोलीसच बजावतात. चोरांनाही ते ठाऊक असतं. बंद घरात इतकं सोनं ठेवून ही मुलगी बार्शीला आईच्या उशाशी बसत होती, याचं मला फार वाईट वाटलं. जावयाचे थोरले भाऊ बर्मिंगहॅमला असतात. त्यांनी येत्या शनिवारी जाऊन दागिने लॉकर कंपनीत हलवायचे, तिथला वेगळा विमा घ्यायचा, असं तिथंच ठरलं. त्याच फेरीत त्यांनी सिंकखालचा पाण्याचा मेन कॉक बंद करायचा आणि बॉयलर १५ अंशांवर लावून यायचं.

तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. तोवर आम्ही प्रश्न कागदावर ओळीनं लिहून काढले. मग तिकडच्या विमा कंपनीला फोन मुलीनंच केला, स्पीकरवर. चार महिने घर बंद राहणार म्हटल्यावर पलीकडच्या बाईंनी सरळ सांगितलं, पाण्याचं आणि चोरीचं संरक्षण मिळणार नाही.

तेव्हा मुलगी हळूच मला म्हणाली, "काका, माझ्या वॉर्डात केरळची एक नवी मुलगी आलीय. तिला राहायला जागा पाहिजे. तिला ठेवलं तर?"

मी म्हटलं, विचार त्यांनाच. बाई म्हणाल्या, चालेल, रोज रात्री तिथं राहत असेल तर घर राहतं धरू. पण भाडं घेणार का? जावयाच्या डोक्यात महिन्याला पाचशे पौंड होते, ते त्यानं बोलूनही दाखवलं. भाडं घेतलं, तर मालक इतके महिने तिथं नसताना ते भाड्यानं दिलेलं घर. मग ही पॉलिसी चालत नाही, घरमालकाची वेगळी पॉलिसी लागते आणि कर्ज देणाऱ्या बँकेची परवानगीही. जावयानं माझ्याकडं बघितलं. भाडं घेऊन 'घेत नाही' म्हणता आलं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. पण मुलीनं फोनवरच उत्तर देऊन टाकलं, भाडं घेणार नाही. नंतर मला म्हणाली, "नवीन आल्यावर डिपॉझिट भरायलासुद्धा पैसे नसतात काका. मी पण तशीच आले होते. राहू दे तिला."

केरळच्या मुलीची हॉस्पिटलची खोली १९ डिसेंबरला सुटत होती, म्हणजे घर बंद होऊन ३० दिवस व्हायच्या आत ती तिथं राहायला येणार होती. कंपनीनं अट घातली, कुलूप किंवा खिडकी फोडल्याची खूण असेल तरच चोरीचा क्लेम. त्या मुलीचं स्वतःचं सामान पॉलिसीत नाही, ते तिला आधी सांगायचं. हप्ता ३४१ पौंड. सगळं बोलणं ईमेलनं लेखी द्या, असं मी मुलीला मागायला लावलं. फोनवर कोण काय म्हणालं हे क्लेमच्या दिवशी कुणाला आठवत नाही. बँकेलाही तिनं एक ईमेल टाकला, घरात कोण राहणार आहे आणि का ते लिहून. त्याचं 'हरकत नाही' असं उत्तर त्याच आठवड्यात आलं.

उठता उठता मुलीनं विचारलं, "अण्णा, आपल्या घराचा विमा आहे का ओ?"

कारखान्याचा सुतापर्यंत विमा, घराचा नाही. सोलापुरात बहुतेक कारखानदारांचं असंच आहे आणि मी हे त्यांना याआधीही बोललो होतो. त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुन्हा ओढली. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. इमारतीची रक्कम म्हणजे कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर, आणि त्याच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, सामानासाठी आपोआप. कमी रकमेचा विमा म्हणून त्यात अ‍ॅव्हरेज लावत नाहीत. फुटलेल्या टाकीचं, पाइपचं पाणीही आलं. चोरी मात्र फक्त आग-भूकंपासारख्या घटनेनंतर, त्या घटनेमुळं सात दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी, आणि काकूंचे दागिने ठरलेल्या किमतीवर वेगळे नोंदवावे लागतात.

"दोन्ही काढा," अण्णा म्हणाले. "कार्पेट एरिया मोजून उद्या पाठवतो. आणि मागच्या भिंतीची चीर आहे ते पण लिव्हा."