आधी वजाबाकी, मग सर्पिल

वेब अवकाश दुर्बिणीच्या 2 मायक्रॉन तरंगलांबीच्या चित्रात एका फिकट दीर्घिकेला दोन वळलेल्या भुजा दिसल्या आणि सहकारी म्हणाला, "सर्पिल आहे, लिहायला घेऊ." ही घाई मला पटत नाही. माणसाच्या डोळ्याला सर्पिल फार लवकर सापडतं.

रंगांवरून काढलेली रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप, 4च्या आसपास, म्हणजे विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाचा प्रकाश. एवढ्या रेडशिफ्टला पृष्ठभागाची तेजस्विता 625 पट घटते. फिकट तबकडी आधी बुडते, तेजस्वी पुंजके तेवढे उरतात. त्यातून हबलची नजर 1.6 मायक्रॉनच्या जरा पुढे थांबते. तिथे अशा दीर्घिकेचा मुळातला अतिनील प्रकाश पोचतो, नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचा. धडधाकट तबकडीही त्यात विस्कटलेली दिसते. म्हणून मी आधी 4.4 मायक्रॉनचा फिल्टर उघडला, जिथे जुने तारे दिसतात. पुंजके विरले होते आणि त्यांच्याखाली सलग तबकडी होती!

पण 4.4ला दुर्बीण प्रकाशाचा प्रत्येक बिंदू 2 मायक्रॉनच्या दुपटीहून जास्त पसरवते. म्हणून दोन्ही चित्रं एकाच धूसरतेला आणली, गुळगुळीत तबकडीचं मॉडेल बसवलं आणि वजा केलं. मागे दोन्ही भुजा उरल्या, समोरासमोर. बातम्यांत नेहमी रंगीत चित्र झळकतं. पुरावा असतो तो या करड्या, कुरूप वजाबाकीत.

पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी याच काळातली 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका 2025 मध्ये दाखवली, तेव्हापासून इतक्या लवकर सर्पिल घडू शकतं यावर वाद घालायला मला कारण दिसत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. एका भुजेच्या टोकाशी बारीक ठिपका आहे. तो त्याच अंतरावर असेल, तर भुजा त्याच्या ओढीने निघालेल्या असू शकतात.

चित्रातून वेग कळत नाही. त्यासाठी वर्णपट हवा: हायड्रोजनची अल्फा रेषा सुमारे 3.3 मायक्रॉनला येईल, म्हणजे वेबवरच्या निअरस्पेक या वर्णपटमापकाच्या आवाक्यात. तबकडी फिरत असेल तर रेषा एका कडेला लांब तरंगलांबीकडे सरकेल, दुसरीकडे आखूड. निअरस्पेक एका वेळी आकाशाचा जो चौकोन पाहतो तो 3 आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग), दीर्घिका त्याच्या निम्म्याहून लहान. सहकाऱ्याला ती बरोबर मध्यभागी हवी आहे. मी अर्जात चौकोन सरकवून मागितला आहे, ठिपका आत येईल इतका.