चौकटीखालचा गुलाबी

चित्र आमच्या संवर्धन विभागात आलं ते अगदी साध्या कामासाठी. चौकटीचा एक कोपरा सुटला होता, व्हार्निश जरा मळलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, अर्धंअधिक अमूर्त निसर्गचित्र. तीन आडवे पट्टे: करडट हिरवी जमीन, निळी टेकडी, फिकट आकाश. त्यांतून वर चढणारे काळे फटकारे, म्हणजे झाडं. फटकाऱ्यांच्या शेंड्यांवर पांढरे जाड ठिपके. चित्रकाराने नाव दिलेलं नव्हतं, पण नोंदवहीत कुणीतरी 'हिवाळा' लिहून ठेवलेलं. माहितीपत्रकात त्यावर लांबलचक परिच्छेद: गोठलेला काळ, एकटेपणा, युद्धाची चाहूल वगैरे.

मला तो बर्फ पटत नव्हता. बर्फ पडला तर जमिनीवर दिसायला हवा, फांद्यांच्या बेचक्यांत साचायला हवा. इथे जमीन कोरडी आणि पांढरं सगळं शेंड्यांना, घोसाघोसाने. क्युरेटर मॅडमना तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "अहो, हा काय हवामानाचा अहवाल आहे? पांढरा रंग इथे मनःस्थिती दाखवतो." आधुनिक चित्रांची हीच मोठी सोय. जे जुळत नाही ते मनःस्थितीच्या खात्यात टाकायचं.

मग चौकट काढली. वरच्या कडेला, लाकडाच्या खाचेत दडलेली करंगळीच्या नखाएवढी पट्टी पहिल्यांदाच उजेडात आली. दोन-तीन ठिपके नेमके त्या सीमेवर होते. उजेडातला अर्धा भाग पांढरा, चौकटीखालचा गुलाबी. फिकट वगैरे नाही, चांगला भडक गुलाबी. ब्रशचा फटकारा मात्र एकच, मध्ये कुठेही न तुटलेला. फक्त रंग पट्टीने रेघ मारावी तसा सरळ रेषेत बदललेला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, वरून कुणी काही चढवलेलंही नव्हतं.

संशय इओसिनवर गेला. 1870 च्या दशकात बाजारात आलेला हा कृत्रिम लाल रंग दिसायला झळाळता, पण उजेडात टिकत नाही. त्यात पांढरा मिसळून गुलाबी केला, की लाल उडून जातो आणि पांढरा उरतो. व्हॅन गॉगची 1890 मधली वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतली गुलाबाची फुलं अशीच पांढरी झाली आहेत. शिकागोत रेन्वारच्या 1883 च्या मादाम क्लापिसाँच्या व्यक्तिचित्राची चौकट काढली तेव्हाही कडेला असाच न उडालेला लाल सापडला होता. तिथे रंग किरमिजाचा होता, एवढाच फरक. इओसिनच्या रेणूत ब्रोमीन असतं, त्यामुळे क्ष-किरणांच्या तपासणीत तो पकडता येतो. आमच्या ठिपक्यांत ब्रोमीन निघालं. गुलाबी अर्ध्यात आणि पांढऱ्या अर्ध्यातही.

म्हणजे बर्फ नव्हता, बहर होता. पानं फुटायच्या आधी फुलणाऱ्या झाडांच्या फांद्या अशाच काळ्या, उघड्या दिसतात.

मॅडम तातडीने आल्या. पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग विचारलं, "आणि टेकडी?" हा प्रश्न मला सुचायला हवा होता, असं नाही म्हणणार, पण विचारला त्यांनी. कॅनव्हास फिरवून बाजूच्या कडा पाहिल्या. चौकटीखाली टेकडी जांभळी होती. निळ्यातला लाल उडाला आणि तिला थंडी आली! व्हॅन गॉगच्या 'शयनगृह' या चित्रातल्या जांभळ्या भिंतीही अशाच निळ्या झाल्या.

पुन्हा रंगवायचा प्रश्नच नव्हता. त्यावर आमचं दुमत नाही. शेजारी मूळ रंगांची अंदाजे छापील प्रतिमा लावायची, चित्रावरचा प्रकाश कमी करायचा आणि चौकट पुन्हा अशी बसवायची की कडा झाकलेल्याच राहतील. तो गुलाबी आता आमचा एकमेव साक्षीदार आहे.

वाद उरला तो फलकाचा. मला 'वसंत' हवा. मॅडम म्हणतात, "एका कुणाचं अनुमान खोडून दुसऱ्याचं का लिहायचं? शिवाय इतकी वर्षं लोकांनी यात हिवाळाच पाहिलाय, तोही चित्राच्या इतिहासाचा भाग झाला." पहिला मुद्दा मान्य, दुसरा अजिबात नाही. उडालेल्या रंगावर रचलेला अर्थ चित्रकाराच्या माथी मारू नये, एवढंच माझं म्हणणं. तूर्त फलकावर नुसतं 'निसर्गचित्र' आहे, आणि आकाशाची तपासणी व्हायची आहे.