तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटी कशानं थांबलं?

थांबलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रश्न नेहमी ‘तुझी पाळीची पोटदुखी शेवटी कशानं थांबली गं?’ असाच येतो आणि विचारणारीला एका गोळीचं नाव हवं असतं. कमी झालंय. खूप कमी झालंय. पहिल्या दिवशी मी आता उभी राहते, फोनवर बोलते, बरेचदा कामही उरकते. पण एका दमात सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नाही म्हटलं की समोरचीला वाटतं मी काहीतरी हातचं राखून बोलतेय. म्हणून एकदाच लिहिते.

किती दुखायचं, हे लिहीत बसत नाही. मनापासून विचारतात त्यांना ते ठाऊक असतं. बाकीच्या ‘व्यायाम करतेस का?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता ‘मूल झालं की थांबतं’ हे सांगून मोकळ्या होतात. त्यांच्यासाठी हे नाही.

एका रात्रीबद्दल मात्र लिहायचंय.

संध्याकाळी पाळी आली आणि रात्रीपर्यंत उलट्या थांबेनात. त्या वेळी कळा उजवीकडे जास्त होत्या. सोबत राहणाऱ्या मैत्रिणीनं उचलून एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं ओटीपोट दाबलं, एकदम हात काढला आणि विचारलं, ‘सोडल्यावर जास्त दुखतंय का?’ मी हो म्हटलं. त्यानं मागे वळून सिस्टरना सांगितलं, ‘अपेंडिक्स वाटतंय, सर्जनना कळवा.’

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवत होते. माणसं धावली. कुणी ट्रॉली आणली, कुणी हातात सुई घातली, कुणी रक्त घेतलं. शेवटचं कधी खाल्लंत, कसली ॲलर्जी आहे का, सोबत कोण आहे, सही कोण करणार. एका सिस्टरनं कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘घाबरू नका, लगेच बघतोय आपण.’ पोटात आग होती, तरी मला बरं वाटत होतं. कुणीतरी माझ्याइतकीच घाई करत होतं.

सर्जन आले. चालता चालता हातमोजा चढवत होते. ‘शेवटची पाळी कधी?’

‘आज संध्याकाळी आली.’

‘दर महिन्याला दुखतं असं?’

‘हो, पण...’

अर्धवट चढवलेला हातमोजा त्यांनी काढला. पोटाला हात न लावताच. ‘पाळीचं दुखणं आहे, एक पेनकिलर द्या,’ असं कुणाला तरी सांगून ते गेले. माझी ट्रॉली भिंतीकडे सरकवली गेली, कारण ती जागा दुसऱ्या पेशंटला हवी होती. इंजेक्शन कुणी लिहून दिलेलं नव्हतं म्हणून सिस्टर देऊ शकत नव्हत्या, आणि लिहून देणारा डॉक्टर दुसऱ्या टोकाला गुंतला होता. हातातली सुई तशीच राहिली. सलाइन लावलेलंच नव्हतं. टोपण लावलेली सुई, वर चिकटपट्टी, आणि पुढे नळी नाही. मी त्या चिकटपट्टीकडे बघत कळा मोजत होते. दुखणं तेच होतं, उजवीकडेच होतं, बहुतेक वाढलं होतं. फक्त त्याचं नाव बदललं होतं.

मैत्रीण भांडली तेव्हा एक शिकाऊ डॉक्टर आली. ‘एक ते दहामध्ये किती दुखतंय?’ मी म्हटलं, सात. या सातवरून माझ्या मैत्रिणीनं मला नंतर खूप सुनावलं. पण दहा म्हणणारी बाई नाटकी ठरते हे मला शाळेपासून माहीत होतं, आणि पाच म्हटलं असतं तर घरी पाठवलं असतं. त्या रात्री मी पुन्हा तिथे गेले तर पुन्हा सातच म्हणेन असं वाटतं.

सर्जनची बाजू मला कळत नाही असं नाही. अपेंडिक्स फुटलं तर माणूस मरू शकतो. पाळीनं तसं होत नाही. गर्दीत आधी कुणाला बघायचं हे ठरवावंच लागतं. हे सगळं मी स्वतःला अनेकदा समजावलंय. पण पाळी चालू असताना अपेंडिक्स सुजत नाही असं कुठलं शास्त्र आहे? निदान हात लावून बघायचं होतं. असो. सकाळी ‘रिपोर्ट नॉर्मल’ लिहिलेला कागद घेऊन घरी आले.

आता तुम्हाला हवं असलेलं उत्तर, तुकड्यातुकड्यानं.

पहिला तुकडा गोळीचा नाही, वेळेचा आहे. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता तुटतो आणि कळ येते. तीच आतड्यांवरही काम करतात, म्हणून जुलाब आणि मळमळ. आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या ही रसायनं तयार होणंच रोखतात. ॲस्पिरिनच्या बाबतीत हे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं आणि त्या शोधासाठी १९८२च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत असलेली गोष्ट. मग मला ती कुणी का सांगितली नाही? आधीच तयार झालेलं रसायन गोळी पुसून टाकत नाही. जीव नकोसा झाल्यावर घेतली तर ती उशिरा आणि अर्धवटच लागू पडणार. चाहूल लागताच, तारीख नेमकी असेल तर आदल्या दिवसापासून, आणि मग पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या अंतरानं घ्यायची. पोटात काहीतरी असताना. अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी डॉक्टरना विचारून.

वीस-बावीस वर्षांची मी हे ऐकणार नाही. तिला दुखणं अंगावर काढण्याचा अभिमान होता. ‘सहन होतंय तोवर घेणार नाही, सवय लागते.’ तिला सांगावंसं वाटतं की या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. ती म्हणेल, पण पोट बिघडतं. तेही खरंच आहे, माझं बिघडलंही. महिन्यातून दोन-तीन दिवस पोट बिघडण्याच्या बदल्यात मी ते दिवस परत मिळवते. तिला हा सौदा पटला नसता. मलाही काही महिने पटत नाही.

दुसरा तुकडा शेकण्याचा. यावर मी सर्वांत जास्त चिडायचे, कारण गरम पाण्याची पिशवी सुचवणाऱ्याला वाटतं आपण प्रश्न सोडवला. पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे ३९ अंश सेल्सियसचा उबदार पट्टा दिवसातले १२ तास पोटावर बांधणाऱ्यांना, ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा घेणाऱ्यांइतकाच आराम पडला होता. दोन्ही केलेल्यांना आराम लवकर पडला. तेव्हा पिशवी सुचवणाऱ्यांचं म्हणणं चूक नाही, हे मान्य. फक्त ३९ अंश म्हणजे कोमट. मी उकळतं पाणी भरून थेट कातडीवर ठेवायचे. ओटीपोटावर अजून जाळीसारखे तपकिरी डाग आहेत, वारंवार जास्त गरम शेकल्यानं पडतात तसे.

तिसऱ्या तुकड्याला वेळ लागला, कारण तो एका प्रश्नात होता. खूप पुढे एका डॉक्टरबाईंनी पोट किती दुखतं हे न विचारता विचारलं, ‘पाळीत शौचाला दुखतं का? संबंधांच्या वेळी? पाळी नसतानाही मध्येच दुखतं का?’ तिन्हींना हो. त्यांना एंडोमेट्रिओसिसचा संशय आला. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजणं. हा आजार जगात सुमारे १९ कोटी बायका-मुलींना आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझी सोनोग्राफी पुन्हा स्वच्छ आली आणि मी तिथेच रडायला लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, अशा पेशींचे वरवर पसरलेले डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत, त्यामुळे स्वच्छ रिपोर्टचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. दुर्बिणीनं आत बघायच्या आधी औषध सुरू करून बघता येतं. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

मग डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, रोज २ मिलिग्रॅम. सुरुवातीचे महिने सतत थोडे थोडे रक्ताचे डाग लागणं, नंतर पाळी जवळजवळ बंद, आणि दुखणंही. जादू म्हणावं तर म्हणा. मात्र त्याच काळात माझ्यावर एक मळभ आलं. सकाळी उठावंसं वाटत नसे. ते गोळीमुळे होतं की वर्षानुवर्षं साठलेलं होतं, मला सांगता येत नाही. उदास वाटणं हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, एवढं खरं. डॉक्टरना विचारून मी ती बंद केली. पाळी परत आली, दुखणंही आलं. आधीपेक्षा कमी, पण आलं. आज जो आराम आहे तो वेळेवरच्या गोळ्यांचा आणि पट्ट्याचा. डायनोजेस्ट पुन्हा सुरू करावी असं दर पाळीच्या पहिल्या रात्री वाटतं आणि पाचव्या दिवशी वाटेनासं होतं.

ज्या मुलीसाठी विचारतात त्यांना एवढंच: तिची शाळा-कॉलेज बुडत असेल, वेळेवर आणि पुरेशी गोळी तीन पाळ्या घेऊनही फरक नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. जाताना वरचे तीन प्रश्न मुलीला घरीच, एकटीला विचारा. दुसरा तिच्या वयाला लागू असेल तर. पहिल्यांदाच आईसमोर आणि परक्या डॉक्टरसमोर त्यांना ‘हो’ म्हणणं तिला जड जाईल. आणि उत्तर काहीही आलं तरी चेहरा सरळ ठेवा.

राहिली दुर्बिणीची गोष्ट. ‘मग तुला नक्की तेच आहे कशावरून?’ असं विचारणारे निघतातच. नक्की नाहीच. बेंबीतून दुर्बीण घालून, पोटात गॅस भरून बघितलं तर डाग दिसतील, काढताही येतील. किंवा काहीच दिसणार नाही. काढल्यावरही पुन्हा होऊ शकतात. भिंतीला लावलेल्या ट्रॉलीवरच्या मुलीला तो फोटो हवाच आहे, त्या सर्जनच्या तोंडावर धरायला. तिच्या हट्टापायी भूल घेऊन पोटाला भोकं पाडून घ्यायची का, असं मी स्वतःला विचारते. मग लक्षात येतं की हट्ट तिचा एकटीचा नाही, मलाही तो फोटो हवाय. आणि तरीही तारीख घ्यायला हात उचलत नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरबाईंकडे जायचंय, तेव्हा त्याही हेच विचारणार आहेत.