हार्टमध्ये सिस्ट, रक्तात काहीच नाही

पोस्टमॉर्टेमचं हार्ट आमच्याकडे पॅथॉलॉजीत फॉर्मॅलिनच्या बरणीत येतं, सोबत चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर 'अचानक मृत्यू'. बास. हिस्ट्री लिहायला यांचं काय जातं कळत नाही. हेही तसंच आलेलं, तरुण माणूस, कोरोनरी, म्हणजे हार्टला रक्त देणाऱ्या धमन्या, कापत गेले तर तिन्ही मोकळ्या, म्हटलं चला, 'विशेष काही नाही' असा रिपोर्ट जाणार. मग डाव्या व्हेंट्रिकलच्या भिंतीत सुरी घातली आणि एक पाणीदार लांबट फोड टपकन बाहेर आली, सेंटिमीटरपेक्षा जरा लहान, आत पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. टेनिया सोलियम या पट्टकृमीची सिस्ट, म्हणजे अळीची पिशवी. मग पुढे कापत गेले तशा अजून निघत गेल्या, सगळ्या स्नायूच्या धाग्यांच्या दिशेनेच पडलेल्या.

स्लाइड मात्र अशी आली की सगळ्यांना बोलावून दाखवली. नेमका काप डोक्यातून गेलेला, शोषक आणि आकडे स्पष्ट, शिवाय चुन्याचे ते गोल कण, वर्तुळात वर्तुळ, ते दिसले की पट्टकृमीच. जिवंत सिस्टभोवती पातळ आवरण, जवळपास शांतता. पण सेप्टममधली, म्हणजे दोन व्हेंट्रिकलमधल्या पडद्यातली, एक मरत होती आणि तिच्याभोवती इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा नुसता खच, जायंट सेल म्हणजे एकत्र झालेल्या मोठ्या पेशी, शेजारचे स्नायूतंतू गेलेले, फायब्रोसिस म्हणजे व्रण धरायला सुरुवात.

नातेवाइकांनी जुना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, आणला, इओसिनोफिल ३ टक्के, म्हणजे नॉर्मल. रेसिडेंट म्हणतो, मॅडम, मग जंत कसे? सगळे त्या एका आकड्यावर जंत आहेत की नाहीत ठरवतात. अरे, इओसिनोफिल रक्तात काही तासच असतात, त्यांचं खरं काम ऊतीत, आणि जिवंत सिस्ट शरीराच्या प्रतिकाराला चकवून बसते. ती मरायला लागली की धिंगाणा, आणि तोही तिथल्या तिथे. इओसिनोफिलच्या दाण्यातली प्रथिनं अळीला मारतात तशी हार्टच्या स्नायूलाही सोडत नाहीत.

घरचे म्हणाले, आम्ही मांसाला हातही लावत नाही. आता हे किती वेळा सांगायचं! कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात मोठा कृमी होतो. सिस्ट होतात त्या अंड्यांमुळे, म्हणजे ज्याच्या पोटात कृमी आहे त्याची विष्ठा हातावाटे नाहीतर पाण्यावाटे तोंडात गेली की. म्हणून घरातल्या सगळ्यांची आणि स्वयंपाक करणाऱ्याची शौच तपासणी करा म्हटलं, तर राग आला.

डोक्यात घोळतंय ते वेगळंच. हार्टमधल्या सिस्ट बऱ्याचदा आयुष्यभर गप्प असतात, दुसऱ्याच कारणाने मेलेल्या माणसात सहज सापडतात. सेप्टममधलीने ठोक्यांची वायरिंग बिघडवली असेल, नाही असं नाही. पण फिट येऊन गेला असेल तर? मेंदूत सिस्ट असायची शक्यता कितीतरी जास्त. फोन करून विचारलं तर कळलं की मेंदू उघडलाच नव्हता. आणि वर मलाच म्हणतात, 'हार्टमधल्या कृमीमुळे मृत्यू' लिहा आणि फाइल मोकळी करा. मी तसं लिहिलं नाही. सिस्ट सापडल्या एवढं लिहिलं, मृत्यूचं कारण 'निश्चित सांगता येत नाही', आणि ठोक्यांची वायरिंग जाते त्या बंडलच्या भागाचे सलग सेक्शन कापायला दिलेत.