साडेतीन आणे

हक्कसोडपत्राचा मसुदा आमच्या कॉम्प्युटरमध्ये एकच आहे. नावं बदलायची, गट नंबर आणि चतुःसीमा टाकायच्या, प्रिंट काढायची. त्यात एक वाक्य आहे: ‘सदर मिळकत वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असून लिहून देणार यांना साडीचोळी, मानपान वेळोवेळी मिळालेला आहे.’ गेल्या पावसाळ्यात आमच्या टायपिस्टनं एका मुसलमान कुटुंबाच्या कागदातही ते तसंच ठेवलं. मुसलमानी कायद्यात जन्मानं मिळणारा हक्क नसतोच. बाप डोळे मिटेपर्यंत सगळं बापाचं, मुलाचाही त्यात छदाम नाही. पण नोंदणी कचेरीत हे कोणी वाचत नाही, आणि खरं सांगते, मी स्वतः मुसलमान असून पंधरा वर्षांच्या वकिलीत ते वाक्य मलाही खुपलं नव्हतं.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या जिन्याखाली माझं टेबल आहे. त्या मंगळवारी साडेअकराचं टोकन होतं. मुलगा आईला आणि दोन बहिणींना घेऊन आला. वडील आधी जहाजावर खलाशी, मग कुवेतला. ते गेले त्याला पाचवा महिना लागला होता. आईची इद्दत, म्हणजे चार महिने दहा दिवस, नुकती संपली होती आणि त्यानंतरचं हे तिचं पहिलंच बाहेर पडणं. मागे राहिलं ते घर, बाजारातला एक गाळा, हापूसची चाळीसेक कलमं आणि बँकेतली ठेव.

मुलगा सज्जन माणूस. मला आधीच सांगून ठेवलं होतं त्यानं, “मॅडम, ठेवीवरचं व्याज वेगळं काढा हां. ते आम्ही खात नाही. कुठं संडास-बिंडास बांधायचा असेल तिथं देऊन टाकू.” सवाबाची, म्हणजे पुण्याची, अपेक्षा न ठेवता व्याज असं काढून टाकणारे बरेच असतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. बहिणींची हक्कसोड आणि आईचीही, हे त्याच दमात सांगितलं.

सही घेण्याआधी दस्त वाचून दाखवायची माझी पद्धत आहे. साडीचोळीपर्यंत आले तेव्हा आई म्हणाली, “थांब पोरी. माझा किती?”

“कसला, चाची?”

“सोडायला सांगतायत तो. किती आहे तो सोडायच्या आधी?”

अपूर्णांक सांगून उपयोग नव्हता. आमच्याकडे जमिनीचे हिस्से जुनी माणसं अजून आण्यांतच सांगतात, म्हणून दस्ताच्या मागच्या बाजूला सोळा आणे मांडले. मूलबाळ असलेल्या विधवेला आठवा हिस्सा, म्हणजे दोन आणे. राहिले चौदा. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, म्हणजे एकूण चार वाटे. मुलाला सात आणे, मुलींना साडेतीन-साडेतीन. सूरह निसाच्या अकराव्या-बाराव्या आयतीतला हा हिशोब. शाफई आणि हनफी हे मुसलमानी कायद्याचे दोन संप्रदाय. आम्ही कोकणी शाफई, आमचे मौलाना बहुतेक हनफी मदरशांतले. पण या मांडणीत दोघांचं उत्तर एकच.

चाचीनं आकड्यांवरून बोट फिरवलं. लिहिता-वाचता येत नसलं तरी बाजारात मासळी विकलेली बाई, हिशोब कळायला वेळ लागला नाही. “आणि मेहेर?” तिनं विचारलं. निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम ती.

मुलगा म्हणाला, “आई, ते माफ झालंय ना. मयतीच्या वेळी.”

“माफ कर म्हणाल्या बायका. मी काय बोलले?”

कोणी काहीच बोललं नाही. आमच्याकडे जनाजा उचलायच्या आधी बायका विधवेभोवती गोळा होतात आणि ‘मेहेर माफ केली म्हण’ म्हणून मागे लागतात. रडणारी बाई मान हलवते, आणि एक कर्ज फिटतं. कर्जच ते. आधी कफनदफनाचा खर्च, मग देणी, मग वारस सोडून इतरांसाठी वसियत, म्हणजे मृत्युपत्र, असली तर तिसऱ्या हिश्शापर्यंत, आणि उरलं त्याची वाटणी. मेहेर या देण्यांमध्ये मोडते, म्हणजे वाटणीच्या आधी. पोस्ट ग्रॅज्युएशनला मी हे पाठ केलं होतं, पण या टेबलावर चार वारसांसमोर कधी उच्चारलं नव्हतं.

निकाहनामा सापडत नव्हता. गावच्या जमातीच्या दफ्तरात फोन लावला. अर्ध्या तासात रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. 1981 साल, निळ्या शाईत: रुपये 1001 व सोने दोन तोळे. पुढे ‘मुअज्जल’. आता ही एक गंमत आहे. अरबीत लगेच द्यायच्या मेहेरचा शब्द वेगळा, नंतर द्यायच्याचा वेगळा. एका अक्षराचा फरक. देवनागरीत दोन्ही मुअज्जलच होतात. नशीब, लिहिणाऱ्या काजीनं कंसात ‘उधार’ असं मराठीत लिहून ठेवलं होतं.

1001 रुपयांना आज काय येतं? सोनं मात्र लाखाच्या वर तोळा. मुलाचा चेहरा उतरला. रागापेक्षा हिशोब जास्त दिसत होता त्यात. मग त्यानं शेवटचा पत्ता टाकला. कोणा मित्रानं पढवलेलं असणार. “शेतजमिनीला शरीयत लागत नाही म्हणतात. कलमांची जमीन तरी...”

अर्धं खरं होतं. 1937 च्या शरीयत कायद्यानं शेतजमीन बाहेर ठेवली आहे. पण त्याआधीही मुंबई इलाख्यात मुसलमानांच्या वारशाला मुसलमानी कायदाच लावत; वेगळी रूढी सांगणाऱ्यानं ती शाबीत करायची. आणि रूढी शाबीत झाल्याचं उदाहरणही आहे. मुंबईत 1847 साली खोजा आणि मेमन या मुसलमान जमातींतल्या मुली बापाच्या इस्टेटीत हिस्सा मागायला कोर्टात गेल्या. कुराणात हिस्सा लिहिलेला, तरी ‘आमच्यात मुलींना देत नाहीत’ ही रूढी कोर्टानं मानली आणि त्या हरल्या. असल्या रूढी मोडायला 1937 चा कायदा आला. मी त्याला म्हटलं, “भाई, मुलींना न देणं ही आमच्या गावची रूढी आहे, असं तुम्ही कोर्टात शपथेवर सांगाल?”

तो जुहरच्या नमाजला निघून गेला.

मोठी बहीण मुंब्र्याला शिकवण्या घेऊन घर चालवते. ती खिडकीबाहेर बघत होती. धाकटी महाडची. तिनं पेन उचललंच होतं. “मी सही करते, ताई. साडेतीन आण्यांसाठी माहेरची वाट कशाला बंद करू?” मला काय बोलावं सुचेना, कारण 2009 साली मीसुद्धा अशीच सही केली आहे. भाऊ ईदला फोन करतो. वाट उघडी आहे म्हणायची.

मध्येच टायपिस्टनं विचारलं, “ताई, पण तुमच्यात मुलीला निम्मंच?” मी म्हटलं, “हो, निम्मंच. तुमच्यात 2005 पासून सारखं. तुझ्या बहिणींना किती दिलंस?” तो हसला आणि प्रिंटरकडे गेला. गेल्या वर्षी त्यांची हक्कसोड याच मसुद्यावर झाली होती.

निम्मं मला टोचतंच. पुरुषावर मेहेरची आणि पोटगीची जबाबदारी असते म्हणून त्याला दुप्पट, हे उत्तर मी भाषणांतून दिलंय. पण मुंब्र्याच्या त्या बाईसमोर मला ते देता आलं नसतं. बापाला वाट होती. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करायचा: मी दिलं, तू घेतलंस, ताबा दिला. एवढ्यावर होतो. मुलांना सारखं देता येतं, किंबहुना द्यावंच. एकाच मुलाला दिलेल्या भेटीला साक्षीदार व्हायला पैगंबरांनी नकार दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे. पण सुट्टीवर आलेला माणूस कौलं शाकारतो, कलमांना खत घालतो. मरणाचे कागद पुढच्या खेपेला.

मुलगा परतला तेव्हा टोकन उलटून गेलं होतं. तो आईशेजारी बसला आणि बराच वेळ त्या सोळा आण्यांच्या कागदाकडे बघत राहिला. मग आईला म्हणाला, “सोनं एकदम नाही जमणार.”

“एकदम कोण मागतंय,” चाची म्हणाली. “आणि माझे दोन आणे सोडायचे का ते मेहेर हातात आली की सांगीन.”

हक्कसोडपत्र फाडलं नाही, त्याच्या मागे हिशोब होता. ते पान चाचीनं घडी करून बटव्यात ठेवलं. आठवड्यानं चौघांच्या नावानं वारस नोंदीचा अर्ज केला, नोटिशीची मुदत गेली, फेरफार मंजूर झाला. वाटणी अजून झालेली नाही. मेहेरपैकी एक तोळा आलाय असं ऐकलं.

सातबारा निघाला त्या संध्याकाळी महाडहून धाकटीचा फोन आला. “ताई, नाव नंतर काढता येतं ना?”

म्हटलं, “केव्हाही. हक्कसोड कधीही करता येते.”

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

“मग आत्ता राहू दे,” ती म्हणाली.