मुखपृष्ठावर एकच चेहरा

दुपारी आमच्या कार्यक्रमाचे पोस्टर आले. त्यावर अल्बमला आवाज देणाऱ्या माझ्या साथीदाराचा मोठा फोटो, त्याचे नाव ठळक टाइपात, आणि सर्वांत खाली, तिकिटाच्या दराला चिकटून, बारीक अक्षरांत माझे. त्याने ते आगीच्या इमोजींसह मला पाठवले, म्हणजे त्याला त्यात काहीच खटकलेले नाही. मीही अंगठा दाखवून मोकळी झाले. मी बाई आहे म्हणून असे झाले का, हा विषय आज काढायचा नाही असे ठरवले आहे. अल्बम दोघांचा आहे असे जानेवारीतच बोलणे झालेले असताना माणूस मात्र एकच दिसावा, एवढेच मला खुपते आहे, आणि ते दुपारपासून जात नाही.

अशा वेळी ‘मॅडव्हिलनी’ लावू नये. मी तोच लावला. 2004 च्या मार्चमध्ये स्टोन्स थ्रो या रेकॉर्ड कंपनीने काढलेला हा अल्बम उघडउघड दोघांचा आहे. रॅप एमएफ डूमचा, बीट्स, म्हणजे रॅपखालचे संगीत, मॅडलिबच्या, आणि जोडीचे नाव ‘मॅडव्हिलन’, म्हणजे एकाचा ‘मॅड’ आणि दुसऱ्याचा खलनायक. तरीही मुखपृष्ठावर डूम एकटाच आहे. करडे छायाचित्र, धातूचा मुखवटा, त्याच्या भोकांतून रोखून पाहणारे डोळे आणि कोपऱ्यात नारिंगी रंगाचा इवलासा चौकोन. हे मुखपृष्ठ मी इतक्या वर्षांत किती वेळा पाहिले असेल, पण दुसरा माणूस कुठे गेला, असे विचारावेसे कधी वाटले नव्हते. आज वाटले, आणि तेही स्वतःवर वेळ आल्यावर वाटले, हे काही फार थोरपणाचे लक्षण नाही.

दुसरा माणूस तळघरात होता. लॉस एंजेलिसच्या माउंट वॉशिंग्टन भागात कंपनीची मंडळी ज्या घरात राहत, तिथे बॉम्बहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेली एक खोली होती. मॅडलिब तिथे बसून बीट्स करी आणि डूम वर मोकळ्या हवेत बसून लिही. दोघांत बोलणे फारसे होत नसे. 2002 साली मॅडलिब ब्राझीलमध्ये साओ पाउलोला गेला, तेव्हा हॉटेलच्या खोलीत एक छोटा टर्नटेबल, एक कॅसेट डेक आणि बॉस कंपनीचा एसपी-303 हा आठ पॅडांचा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र, एवढ्याच सामानावर त्याने यातल्या काही बीट्स केल्या. माझ्या टेबलावर याच्या चौपट सामान आहे, हे इथे नोंदवून पुढे जाते.

यातले ‘अकॉर्डियन’ हे गाणे मी पुन्हापुन्हा ऐकले. डेडेलस या संगीतकाराच्या एका रचनेतला लहानसा तुकडा कापून तो फिरत ठेवला आहे. भात्यात हवा भरल्याचा भास होतो, सूर किंचित डगमगतो, ड्रम्स अंग चोरून वाजतात, आणि तुकडा जिथे स्वतःला पुन्हा जोडून घेतो, तिथली शिवण लपवण्याचा कसलाही प्रयत्न केलेला नाही. ध्रुवपद नाही. दोन मिनिटे पुरी होण्याआधीच सगळे संपते. ही शिवण ऐकू येऊ देण्याचे धाडस कुणाचे, हे कोणत्या पोस्टरवर छापणार? आप्पा जन्मभर कीर्तनाला पेटीवर बसले. बुवांचा सूर निसटला की त्यांनी तो अलगद सावरायचा, आणि बुवांना हार घातला जात असताना आपण पेटीचा भाता मिटून झाकण लावायचे. त्यांना काय वाटत असे, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

असे स्वतःचे अश्रू पुसत बसले असताना त्या चोरलेल्या टेपची आठवण झाली. ब्राझीलच्या त्या प्रवासात कच्च्या अल्बमची टेप चोरीला गेली आणि प्रकाशनाच्या तब्बल 14 महिने आधी ती इंटरनेटवर फिरू लागली. वैतागून दोघांनी काम बाजूला टाकले आणि आपापल्या वाटेने दुसरे अल्बम केले. पुढे परत आल्यावर डूमने आपला आवाज नव्याने भरला, आधीपेक्षा खालच्या पट्टीत, सावकाश, जणू सोफ्यावरून न उठता. बीट्स मात्र बहुतेक त्याच राहिल्या. दोन्ही खेपांचे आवाज एकापाठोपाठ ऐकले की स्पष्ट कळते, की पहिल्या खेपेला डूम बीटच्या पुढे धावतो आहे आणि दुसऱ्या खेपेला तो तिच्यात मुरला आहे. थोडक्यात, मुखवटेवाल्याला तळघरातल्या माणसाकडे चालत जावे लागले. मला हे फार आवडले; इतके, की मी उठून चहा केला.

आणि मग हिशेब आणखीच गमतीदार होत गेला. अल्बमातल्या 22 तुकड्यांपैकी काहींत डूम नाहीच. ‘शॅडोज ऑफ टुमॉरो’मध्ये मॅडलिब स्वतःच चिरका केलेला आवाज घेऊन क्वासिमोटो या दुसऱ्या नावाने रॅप करतो, एक गाणे पूर्णपणे गायिका स्टेसी एप्सचे आहे आणि काही तुकड्यांत नुसते वाद्यसंगीत आहे. ज्याचा फोटो छापला, तोच अधूनमधून बेपत्ता. शिवाय फोटो तरी कुणाचा, मुखवट्याचा! पुढे काही कार्यक्रमांना डूमने तो मुखवटा चढवून भलताच माणूस मंचावर पाठवला, प्रेक्षक भडकले, आणि त्याने मात्र त्याची माफी वगैरे मागितली नाही. चेहऱ्याची एवढी किंमत करणारी मी एकटीच उरले आहे की काय, असे वाटून हसू आले. डूम वारल्याची बातमी दोन महिन्यांनी, 2020 च्या 31 डिसेंबरला, कळली होती. तो दिवस, तो फोन... असो.

पोस्टरचे जे झाले ते झाले. ते आता छापखान्यात गेले आहे. पण आमच्या अल्बमातल्या तुकड्यांचा क्रम अजून माझ्याकडेच आहे. ज्यात माझा साथीदार अजिबात नाही, तो नुसत्या बीटचा तुकडा मी शेवटून उचलून दुसऱ्या क्रमांकावर आणला आणि तिसऱ्याचा वेग उतरवून त्याला कळवले, की याचा आवाज तुला पुन्हा भरावा लागेल, सावकाश, बसून. त्याचे उत्तर आले, ‘‘बघू गं.’’ मी त्याला शनिवारी सकाळी दहाला बोलावले आहे.