आल्टोच्या रांगेतून

आज मी संगीतरचना आणि वृंदसंचालन करतो, त्याचा पाया शाळेच्या प्रार्थनागृहात उपासनेच्या वेळी गाणाऱ्या आमच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, घातला गेला. संगीताच्या सरांनी मला आल्टोमध्ये, म्हणजे चार आवाजांपैकी वरून दुसऱ्या आवाजात, उभे केले, तेव्हा मी मनातून खट्टू झालो होतो, कारण चाल सर्वांत वरच्या सोप्रानोकडे, आधार सर्वांत खालच्या बासकडे आणि आमच्या वाट्याला दोन-तीन स्वरांतच घुटमळणारी ओळ. ती ओळ एकटी गायली तर गाणे ओळखूही येत नसे.

सरांची तालमीची एक पद्धत मात्र विलक्षण होती. ते सोप्रानोंना गप्प बसवून खालच्या तिन्ही आवाजांना गायला लावत आणि न गायली जाणारी चाल मनात ऐकायला सांगत. जर्मन संगीतकार बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील वृंदरचनेत हान्स लिओ हासलर या संगीतकाराची एक जुनी चाल पाच वेळा येते. मुळात ती प्रेमगीताची चाल. पुढे चर्चने ती आपलीशी केली. दर वेळी चाल तीच, पण तिच्याखालची हार्मनी, म्हणजे सोबतच्या स्वरांची जुळणी, बदलते. ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर ती शेवटची येते, तेव्हा आतले आवाज अर्ध्या-अर्ध्या स्वराने असे सरकतात की परिचित चालीखालची जमीनच हलल्यासारखी वाटते. हे श्रोत्यांत बसून मला कधीच उमगले नसते. दोन्ही कानांना वेगवेगळे स्वर ऐकू येत असताना आपला स्वर धरून ठेवावा लागला, म्हणून ते उमगले. पुढे आवाज फुटला आणि मी बासमध्ये गेलो, तेव्हा तीच रचना खालच्या बाजूने ऐकायला मिळाली.

जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनची हकिकत सरांनीच सांगितली होती. अकराव्या वर्षी तो बर्लिनच्या झिंगअकाडेमी या गायनसंस्थेत दाखल झाला आणि मोठ्या माणसांमध्ये उभा राहून आल्टो गाऊ लागला. त्याच संस्थेत ११ मार्च १८२९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चे संचालन केले. बाखला जाऊन तेव्हा जवळजवळ ऐंशी वर्षे झाली होती आणि ही रचना बाखच्या लाइपझिग शहराबाहेर कोणी सादर केलेली नव्हती. मागणी इतकी होती की २१ मार्चला, बाखच्या जन्मदिनी, तिचा दुसरा प्रयोग करावा लागला. मेंडेल्सोनने त्यातली बरीच एकलगीते गाळली म्हणून त्याला बोल लावला जातो. मला तो अन्याय वाटतो. विस्मरणात गेलेली एवढी प्रचंड रचना पुन्हा उभी करायला नुसते धाडस पुरत नाही, त्याला वृंदात वाढलेला कान लागतो.

आजही मी नवी रचना बसवताना पहिली तालीम आल्टो आणि टेनर (बासच्या वरचा आवाज) या मधल्या आवाजांचीच घेतो आणि लिहिताना त्यांच्या ओळी स्वतः गाऊन पाहतो. गायला कंटाळवाणी वाटली ती ओळ मी पुन्हा लिहितो. शाळेच्या महोत्सवाच्या सांगतेसाठी शाळेने माझ्याकडे एक चार आवाजी प्रार्थनागीत सोपवले आहे आणि त्यात मुख्य चाल प्रथम आल्टो गातील. सरांच्या हाताखाली गायलेल्या सर्व माजी विद्यार्थ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की त्यांनी तालमीला यावे. आवाज आता बदलले असतील, तर त्याप्रमाणे ओळी वाटून घेता येतील.